बारा पायांची सहल

आमच्या घरी एक भोंगा आहे. त्याला बटण नाही, वायर नाही. पण चार पाय आहेत आणि एक वळलेली शेपटी आहे.

मुलांनो, आम्ही राहतो चाकणला. आमच्या चहूबाजूंना कारखानेच कारखाने. पाळी बदलायची वेळ झाली की भोंगा वाजतो, ‘भोंऽऽऽ!’ आणि तो वाजला की आमचं कुत्रं असेल तिथे बसतं, मान वर करतं, डोळे मिटतं आणि एखाद्या कसलेल्या गवयासारखा सूर लावतं. लांबलचक, चढत जाणारा आवाज कानी पडला की पुष्कळ कुत्री अशी साथ देतात. दूरच्या कुणा सोबत्याने हाक मारली, असंच त्यांना वाटत असावं. म्हणून आमच्या धाकट्याने त्याचं नाव ठेवलं भोंग्या.

भोंग्या काही दुकानातून आणलेला नाही. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मुलांचे बाबा रात्रपाळी संपवून निघाले, तर कंपनीच्या फाटकाबाहेर एका उभ्या कंटेनरखाली हे एवढंसं पिल्लू कुडकुडत बसलेलं. बाबांनी ते डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. मी म्हटलं, “आधी डॉक्टर, मग लाड!” प्राण्यांच्या डॉक्टरांनी पिल्लू तपासलं, रेबीजच्या आणि बाकीच्या लशींच्या तारखा कार्डावर लिहून दिल्या. तेव्हापासून दर वर्षी एक दिवस भोंग्याच्या इंजेक्शनचा असतो. त्या दिवशी भोंग्या शांत असतो. रडतो तो आमचा धाकटा.

आता या भोंग्याने जन्मापासून पाहिलं तरी काय होतं? डांबरी रस्ते, ट्रकची चाकं आणि पत्र्याची कुंपणं. डोंगर कसा असतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. खरं सांगायचं, तर मला तरी कुठे ठाऊक होतं?

ते कसं उघडकीला आलं, ते सांगते.

त्या वर्षी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. इतिहासाला शिवछत्रपती. मी आमच्या चाकणच्याच संग्रामदुर्गाची गोष्ट रंगवून सांगत होते. साल १६६०. बाहेर शाहिस्तेखानाची अफाट फौज. आत फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर मावळे. किल्ला भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरचा. ना कडा, ना दरी. तरीही फिरंगोजींनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला! बोलता बोलता माझा आवाज चढला आणि मी टेबलावर हात आपटून म्हणाले, “म्हणून सांगते, हाती घेतलेलं काम अर्ध्यावर सोडायचं नाही!”

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, तुम्ही डोंगरातले किती किल्ले चढलात?”

मी गप्प. डी.एड.ला असताना शिवनेरीची सहल झाली होती, तेवढीच.

“एक,” मी खरं ते सांगून टाकलं. वर्गात खसखस पिकली.

मग मीही इरेला पेटले. म्हटलं, “ठीक आहे. येत्या रविवारी मी तिकोना किल्ला चढणार. अगदी माथ्यापर्यंत! तुम्हाला काय विचारायचंय ते आजच विचारा. सोमवारी उत्तरं घेऊन येते.”

मुलांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. पहिला : तिकोना खरंच तीन कोनांचा दिसतो का? दुसरा : किल्ला बांधायला चुना कुठे दळत होते? तिसरा : अगदी माथ्यावरून किती किल्ले दिसतात?

त्याच आठवड्यात मराठीच्या तासाला आणखी एक प्रश्न आला होता. म्हणींचा धडा चालू होता. ‘दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही.’ पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, मुसळ आमच्या आजीकडे आहे. पण कुसळ म्हणजे काय हो?”

“अगं, गवताचा बारीक काटा,” असं म्हणून मी पान उलटलं. मी स्वतः कुसळ कधी हातात धरून पाहिलं नव्हतं. हा प्रश्न मात्र फळ्यावर लिहिला गेला नाही. तो माझ्या मागे मागे तिकोन्यावर आला.

आमची तयारी सुरू झाली. भोंग्याला घरी ठेवायचं तर दिवसभर शेजारपाजाऱ्यांच्या कानांचं काय? तेव्हा तोही येणार असं ठरलं. थोरलीने हिशेब केला, “आपण चौघं म्हणजे आठ पाय, भोंग्याचे चार. बारा पायांची सहल!” थंडीचे दिवस होते, हेही बरंच होतं. उन्हाळ्यात कातळ तव्यासारखा तापतो. आपल्या पायांत चपला-बूट असतात, कुत्र्याचे तळवे उघडेच. शिवाय आपल्यासारखा अंगभर घाम कुत्र्याला येत नाही. घामाच्या ग्रंथी त्याच्या पंजांच्या तळव्यांत असतात, आणि अंगातली उष्णता तो मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. म्हणून कुत्र्याला डोंगरावर न्यायचं तर थंडीतच, तेही सकाळी लवकर.

संक्रांत तोंडावर आली होती. रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही गाडीत बसलो. डब्यात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाच्या वड्या. भोंग्यासाठी पाण्याची वेगळी बाटली आणि एक जर्मनची वाटी. गाडीत पोट ढवळतं म्हणून निघण्यापूर्वी त्याला खायला दिलं नव्हतं, त्यामुळे स्वारी जरा रुसली होती. काचेवर धुकं, रस्त्यावर कंटेनरची रांग. आमच्या भागात गाड्या तयार होतात, त्यामुळे रस्त्यात गाड्यांवर चढलेल्या गाड्या दिसतात! चाकण-तळेगाव रस्त्याने इंदोरी आलं. इंद्रायणीवर दाट धुकं पसरलं होतं. बाबांनी गाडीचा वेग अगदी कमी केला. भोंग्याने काचेच्या फटीतून नाक बाहेर काढलं आणि ते नुसतं चळवळत राहिलं. आपण जग डोळ्यांनी पाहतो. तो नाकाने वाचत होता.

तळेगाव गेलं, वडगाव गेलं. कामशेतला मोठा रस्ता सोडून आम्ही डावीकडे वळलो आणि एकदम सगळं शांत झालं. भाताची शेतं कापून झालेली, खाचरांत नुसते धसकट उरलेले. वाटेत बेडसे लेण्यांचा डोंगर लागला. दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी कातळात कोरलेली ती लेणी. “येताना बघू,” आम्ही म्हटलं.

मग पवनेचं धरण आलं. पाण्यावर वाफ तरंगत होती. मी मुलांना म्हटलं, “हात जोडा बरं! पिंपरी-चिंचवडला तुमच्या मामाकडे नळाला जे पाणी येतं ना, ते मुख्यतः इथलंच. धरणातून नदीत सोडतात, रावेतला बंधाऱ्यावर उचलतात, शुद्ध करतात आणि मग ते मामाच्या माठात जातं.” धाकट्याने लगेच विचारलं, “म्हणजे मामा तिकोन्याचं पाणी पितो?” मी म्हटलं, “हो. या सगळ्या डोंगरांवर पडलेला पाऊस तो पितो.”

आणि पाण्यापलीकडे तिकोना दिसला. कुणी पट्टी लावून आखावा तसा त्रिकोण! पहिल्या प्रश्नाचं उत्तर गाडीतच मिळालं. मी वहीत लिहून टाकलं.

तिकोना पेठ या गावात गाडी लावली तेव्हा सूर्य नुकता वर येत होता. तिकोन्याला वितंडगड असंही नाव आहे. उंची सुमारे साडेतीन हजार फूट. समोर तुंग, पलीकडे लोहगड आणि विसापूर. पवन मावळावर नजर ठेवणारे हे सगळे राखणदार. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यांत हे चारही होते. पुढे ते पुन्हा स्वराज्यात आले.

पहिला टप्पा गवताळ उताराचा होता. सोनेरी, वाळलेलं, गुडघ्याएवढं गवत. वारा आला की सगळा डोंगर हलल्यासारखा दिसे. भोंग्याचा पट्टा थोरलीच्या हातात होता, पण कोण कुणाला नेतंय हे कळत नव्हतं! तो गवतात तोंड खुपसत होता, शिंकत होता, मागे वळून आमच्याकडे बघत होता. ‘हे एवढं सगळं इथे आहे आणि तुम्ही मला आजवर सांगितलं नाहीत?’ असंच त्याचे डोळे म्हणत होते. कंटेनरखाली जन्मलेला जीव तो! त्याला असं आनंदाने वेडावलेलं मी प्रथमच पाहिलं.

गवत संपलं. आमच्या मोज्यांना बारीक बारीक काहीतरी टोचत होतं. आम्ही चौघांनी खाली बसून मोजे झटकले. भोंग्याकडे कुणी पाहिलं नाही.

पुढे एका वळणावर भोंग्या बसला आणि पुढचा उजवा पंजा चाटू लागला. “चल रे,” मी म्हटलं. तो उठला, चालू लागला. मारुतीपाशी पुन्हा बसला. कातळात कोरलेला हा मारुती मोठा ऐटबाज आहे. एक हात उगारलेला आणि पायाखाली पनवती दाबलेली. त्याला चपेटदान मारुती म्हणतात. मुलं मारुतीकडे बघत होती, मी वहीत लिहीत होते, आणि भोंग्या पंजा चाटत होता.

आणखी वर गेल्यावर चुन्याचा घाणा दिसला. दगडात गोल खाच कोरलेली आणि तिच्यात फिरवायचं दगडी चाक. बैल जुंपून ते चाक गोल गोल फिरवायचे आणि खाचेतला चुना बारीक दळला जायचा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर! माझा उत्साह आणखी वाढला. आता फक्त बालेकिल्ल्याच्या पायऱ्या उरल्या होत्या. त्या चढल्या की दरवाजा, मग माथ्यावरचं त्र्यंबकेश्वराचं देऊळ आणि तिसरं उत्तर.

त्या पायऱ्या उभ्या आहेत. पायरीसुद्धा गुडघ्याएवढी उंच. बाजूला धरायला आधार आहे, पण वर पाहिलं की छाती दडपतेच. धाकटा पुढे झाला, बाबा त्याच्यामागे. भोंग्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, काढून घेतला आणि चक्क खाली बसला.

“भित्रा!” धाकटा वरून ओरडला.

मी पट्टा हातात घेतला. म्हटलं, “ऊठ रे भोंग्या! आळशी कुठला!” तो उठेना. मी पट्टा ओढला. हो, मुलांनो, ओढला. मला सोमवारचा वर्ग दिसत होता. मागचा बाक दिसत होता. ‘अर्ध्यावर सोडायचं नाही’ हे माझंच वाक्य माझ्या कानात घुमत होतं. भोंग्याने कान पाडले आणि माझ्याकडे बघितलं. पण मी त्याच्याकडे बघत नव्हते. मी वर माथ्याकडे बघत होते.

“बाई, ओढू नका त्याला.”

मागे वळून पाहिलं. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी घेतलेले एक आजोबा उभे होते. खालच्या गावचे असावेत.

“त्ये भ्यालं न्हाई,” आजोबा म्हणाले. “पाय दुखतोय त्याचा. म्होरला बघा. कवाधरनं अधांतरी धरलाय.”

खरंच की! भोंग्याने उजवा पंजा जमिनीला टेकवलेलाच नव्हता.

आजोबा खाली बसले. आधी माझी ओढणी मागून घेतली आणि बाबांना भोंग्याच्या तोंडाभोवती सैलसर गुंडाळायला सांगितली. “कितीबी मायाळू असूद्या, दुखलं की जनावर डसतं. त्येचा दोष न्हाई त्यो.” मग त्यांनी पंजाची बोटं हलकेच फाकली. दोन बोटांच्या मध्ये लालभडक सूज होती. तिच्यातून काळसर केसासारखं काहीतरी बाहेर आलेलं.

“कुसळ हाय,” आजोबा म्हणाले.

मी बघतच राहिले. ज्या शब्दावरून मी पान उलटून पुढे गेले होते, तो शब्द असा माझ्यापुढे आला.

मी चिमटीत धरून ते उपसायला गेले, तर आजोबांनी हात आडवा घातला. “वढू नका. त्याचं टोक उलट्या काट्याचं असतं. तुटंल आन् आतच ऱ्हाईल. डाक्टरला दावा.”

आता काय करायचं? बाबा म्हणाले, “मी याच्यापाशी बसतो. तू मुलांना घेऊन वर जाऊन ये. अर्ध्या तासाचं काम. तुझा वर्ग वाट बघतोय.”

मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू? फार पटलं. मी आणि मुलं पायऱ्या चढू लागलो. एक, दोन, तीन, चार.

मागून खडखड आवाज आला. वळून पाहते तर भोंग्या बाबांच्या हातातून पट्ट्यासकट निसटला होता आणि तीन पायांवर पायरी चढत होता. ज्या पायऱ्या तो ओढूनही चढला नव्हता, त्याच! आम्ही त्याला सोडून निघालो असं त्याला वाटलं होतं. दुसऱ्या पायरीवर त्याचा दुखरा पाय दगडाला लागला. तो कळवळला, पण थांबला नाही. तिसरी पायरी चढण्यासाठी त्याने पुन्हा अंग आवळलं.

“थांब रे बाळा!” मी ओरडले आणि धावत खाली आले. तो माझ्या पायांशी कोसळला आणि शेपटी आपटू लागला. एवढं दुखत असताना शेपटी!

मी वर पाहिलं. माथा तिथेच होता. फार तर तीन-चार मजले वर.

“परत फिरायचं,” मी म्हटलं.

धाकट्याचं तोंड रडवेलं झालं. पण ‘भित्रा’ म्हटल्याचं त्याला आठवत असावं. तो गुपचूप खाली आला आणि भोंग्याच्या कानाजवळ तोंड नेऊन काहीतरी पुटपुटला. काय ते त्याने आम्हाला अजून सांगितलेलं नाही.

बसायला आणलेल्या चादरीची आम्ही झोळी केली. भोंग्याचं वजन अठरा किलो. पुढचं टोक बाबांनी धरलं, मागचं मी आणि थोरलीने. अवघड जागी आजोबांनी हात दिला. मारुतीपाशी पोचल्यावर ते थांबले. आम्ही त्यांना तिळाच्या वड्या दिल्या. “आजोबा, तुम्हाला एका नजरेत कसं हो कळलं?” मी विचारलं.

ते हसले. “जनावर सांगत आसतंय बाई. बघाया पायजे.”

उतरताना थोरली म्हणाली, “आई, महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नाही म्हणतो ना? आपलंही तसंच झालं.”

बाबा घाम पुसत म्हणाले, “थोडा फरक आहे. त्याचं कुत्रं स्वतःच्या पायांनी चालत होतं!”

आम्ही सगळे हसलो. झोळीतून भोंग्याने डोकं वर काढलं. पण मी मनातून हसत नव्हते. युधिष्ठिराने कुत्र्याला ‘आळशी’ म्हणून ओढलं नव्हतं.

रविवार असूनही परतीच्या वाटेवर प्राण्यांचा एक दवाखाना उघडा मिळाला. डॉक्टरांनी पंजा बधिर केला, छोटीशी चीर दिली आणि चिमट्याने कुसळ अखंड बाहेर काढलं. आम्ही ते काडेपेटीत ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, “वेळेवर आणलंत. हे पुढे पुढेच सरकतं, मागे येत नाही. राहिलं असतं तर पू धरून पंजात खोल गेलं असतं. गवतातून आलात की दर वेळी याची बोटं, कान, पोट तपासत जा.”

किती साधी गोष्ट! मोजे झटकायला आम्ही चौघे बसलो होतो तेव्हा आणखी दोन मिनिटं पुरली असती.

सोमवार उजाडला. वर्गात पाऊल टाकलं आणि एकच गलका झाला, “बाई, माथ्यावर गेलात?”

“नाही,” मी म्हटलं. “तीन-चार मजले उरले होते. तिथून परत फिरले.”

वर्ग शांत झाला. मी पहिली दोन उत्तरं सांगितली. तिसऱ्या प्रश्नापुढे फळ्यावर मोठा भोपळा काढला. मग सगळी हकिगत सांगितली. भोंग्याला आळशी म्हटलं तेही, पट्टा ओढला तेही. ते सांगताना जरा जड गेलं. बाईंनी चूक कबूल करायची सवय बाईंनाही नसते आणि वर्गालाही नसते.

माझं संपल्यावर पहिला प्रश्न आला तो असा, “भोंग्याचा पाय आता बरा आहे ना?” दुसरा, “टाके घातले का?” तिसरा, “त्याला दूध दिलं का?” माथ्याबद्दल कुणी अक्षर विचारलं नाही.

मी काडेपेटी उघडली. “आणि हे कुसळ.” त्या दिवशी पान उलटून टाळलेलं उत्तर आता सगळ्यांपुढे होतं. पहिल्या बाकावरची ती मुलगी आधी पुढे आली, मग एकेक करून सगळी. खाली सुईसारखं टोक, टोकावर उलटे बारीक केस, आणि वर पिळलेल्या दोरीसारखी लांब शेपटी. मोज्यांत अडकलेली आणखी काही कुसळं मी घरून आणली होती. त्यांतल्या एकावर पाण्याचा थेंब टाकला. आणि काय गंमत! शेपटीचा पीळ हळूहळू उलगडू लागला आणि कुसळ टेबलावर आपोआप गोल फिरू लागलं. वाळलं की ते पुन्हा पीळ घेतं. खरं तर हे गवताचं बी आहे. दवाने भिजतं, उन्हाने वाळतं, आणि असं फिरत फिरत स्वतःला जमिनीत गिरमिटासारखं रोवून घेतं. उलट्या केसांमुळे ते मागे येत नाही. जमिनीत शिरलं तर त्याचं गवत होतं. पंजात शिरलं तर दुखणं होतं. त्या बिचाऱ्याला जमीन कुठली आणि पंजा कुठला, हे कळत नाही. ते आपल्याला कळायला हवं.

“म्हणजे बाई,” ती मुलगी विचार करत म्हणाली, “म्हणीत दुसऱ्याचं कुसळ दिसतं. तुम्हाला तर तेही दिसलं नाही!”

सगळा वर्ग हसला. मीही हसले. म्हणीपेक्षाही माझी चूक मोठी होती, हे तिचं म्हणणं बरोबरच होतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर आला. तोच मुलगा. मी मनात म्हटलं, आता हा विचारणार, ‘अर्ध्यावर सोडायचं नाही, त्याचं काय झालं?’

तो उभा राहिला. म्हणाला, “बाई, बुरूज सुरुंगाने उडाल्यावर फिरंगोजींनी पण शेवटी किल्ला सोडलाच ना? आपली माणसं वाचवायला. महाराज त्यांच्यावर रागावले नाहीत. उलट भूपाळगड सांभाळायला दिला. तुम्हीच सांगितलं होतं.”

मीच सांगितलं होतं! आणि मीच विसरले होते. मला फक्त ते झुंजणं आठवत होतं. तो मुलगा खाली बसला, पण मला मात्र पुढचं वाक्य सुचेना. मी फळ्याकडे वळले आणि उगाचच तो भोपळा पुसू लागले. “राहू द्या बाई,” मुलं म्हणाली. “पुन्हा जाल तेव्हा पुसा.”

आता भोंग्याचा पाय अगदी बरा आहे. दोन बोटांच्या मध्ये जरासा टक्कल पडल्यासारखा डाग आहे, तेवढाच. भोंगा वाजला की तो अजूनही मान वर करून गातो.

थंडी पडली की आम्ही पुन्हा तिकोन्याला जाणार आहोत. मधल्या काळात एक बातमी आली. तिकोन्याचा शेजारी लोहगड २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, बारा मराठा किल्ल्यांच्या मानाच्या पंगतीत. माथ्यावरून तो दिसतो का, हे बघायचंय. दिसला तर तिसरं उत्तर मिळेल. ती मुलं आता पाचवीत गेली आहेत, पण मी त्यांना शोधून सांगणार आहे.

यावेळी आम्ही एक नियम केलाय. गवत संपलं की सगळ्यांनी थांबायचं. मोजे झटकायचे, बोटं फाकून बघायची. आठ पाय नव्हे, बाराच्या बारा. आणि माथ्यावर जायचं की मागे फिरायचं, हे ठरवताना आधी ज्याचा पाय दुखतोय त्याच्याकडे बघायचं.

थोरलीने हा नियम कागदावर लिहून गाडीत चिकटवलाय. खाली आम्ही चौघांनी सह्या केल्या आहेत. पाचवी सही शाईत बुडवलेल्या पंजाची आहे. ती जरा फरकटली आहे, कारण सही करतानाच नेमका भोंगा वाजला!